सात नंबरचा भाऊ

जिवाच्या दुकानाला पाटी नाही. होती, पण एका वर्षी वादळात उडाली आणि शेजारच्या भजीवाल्याने तिचा चुलीला आडोसा केला. जव्हारच्या स्टँडवरून बाजाराकडे उतरताना आजही त्या कढईमागे 'जिवा इलेक्ट्रॉ' एवढी अक्षरं वाचता येतात. जिवाने पाटी परत मागितली नाही. म्हणाला, "माझ्या दुकानापेक्षा तिथं जास्त लोक थांबतात. राहू दे."

माणूस खोडाळ्याकडचा. गावापासून दोन कोसांवर पाडा, घरची नागलीची शेती, थोरला भाऊ रोहिदास शेतीत आणि जिवा हा लहानपणापासून बोहाड्याच्या कर्ण्यामागे बसलेला. गावात बोहाडा, म्हणजे मुखवटे लावून देवादैत्यांची सोंगं नाचवायचा उत्सव, सुरू झाला की बाकीची पोरं सोंगं बघायची; जिवा बॅटरी, भोंगा आणि वायर बघायचा. राक्षस नाचत पुढे येत असताना सगळा पाडा मागे सरायचा आणि हा मात्र माइकची खरखर कुठून येते ते शोधत राक्षसाच्या पायांत शिरायचा. असला प्रेक्षक कुठल्याही नटाच्या वाट्याला येऊ नये.

रेडिओपासून त्याने हात घातला. मग टेप, मग टीव्ही, मग मोबाइल. नाशिकला तीन महिने राहून कॉम्प्युटर शिकून आला. दर दहा वर्षांनी धंदा बदलला, टेबल तेच राहिलं. त्या टेबलावर रेडिओच्या काळातले डिंकाचे डाग अजून आहेत. दुकानाच्या दर्शनी भागात त्याची बायको गौरा झेरॉक्स आणि रिचार्जचं काम बघते. गिऱ्हाइकाला आधी तिच्यासमोर उभं राहावं लागतं, मग मागे जिवाकडे. बरेच लोक तिच्या पुढ्यातूनच परत जातात; यंत्र काय बिघडलंय हे तिला वासावरून कळतं असं तिचं म्हणणं आहे आणि ते अगदीच खोटं नाही.

चैत्रातल्या एका मंगळवारी जामसरहून आलेल्या जीपमधून नीता आणि तिची आई माघी उतरल्या. माघीच्या डोक्यावर जुन्या लुगड्यात बांधलेलं बोचकं होतं. नीता तिचा खांदा धरून मागे. दुकानाच्या पायरीशी येताच नीता आईचा खांदा सोडून आपली आपण आत आली, तीन पावलं सरळ, एक डावीकडे, आणि जिवाच्या टेबलाला हात लावून थांबली. ती जन्मापासून आंधळी नव्हती. चार वर्षांची असताना तापात डोळे गेले. पण दुकानं तिला पावलांनी पाठ होती.

"जिवादादा, हा बोलत नाही."

"कधीपासून?"

"काल सकाळी 'ठक्' झालं. जळका वास आला. मग काहीच नाही."

"पाल गेली आत," माघी म्हणाली. "दोन दिस तिथंच चुकचुकत व्हती. मी हिला म्हटलं, पोरी, ही तुझ्या डब्यात घर करणार. तर म्हणते, आई, तिला पण ऐकू दे."

गौरा पुढून ओरडली, "पालच असंल. वास येतोय."

जिवाने बोचकं सोडलं, आतल्या कॉम्प्युटरच्या डब्याचा पत्रा काढला. पाल होती. मदरबोर्डावर, जिथे वीज आत येते तिथे आडवी, वाळून कोळ झालेली. बोर्डावर काळा चट्टा. जिवाने चिमट्याने पाल काढून कागदात गुंडाळली आणि मग आतल्या पत्र्यावर टॉर्च मारला. लाल ऑइलपेंटने त्याच्याच हाताने काढलेला आकडा तिथे होता : सात.

बारा वर्षांपूर्वी त्याने एकाच खेपेला दहा कॉम्प्युटर जुळवले होते. एकच बोर्ड, एकच बांधणी, दहा भाऊ. शाळांना आणि अशाच गरजूंना द्यायला एका संस्थेने ते करून घेतले होते. एवढे सारखे डबे पुढेमागे दुरुस्तीला आले की गोंधळ व्हायचा, म्हणून त्याने आतून आकडे घातले. सात नंबर नीताला मिळाला.

"बोर्ड गेला," जिवा म्हणाला. "डिस्क वाचली असंल. बघतो."

"सोमवारपर्यंत बघशील?"

"सोमवारी काय हाय?"

मग नीताने सांगितलं. जव्हारातल्या एका वसतिगृहाच्या कचेरीत पत्रव्यवहार बघायला माणूस हवा होता. तिने अर्ज केला. तिथल्या व्यवस्थापकांनी बोलावलं आणि म्हणाले, तुम्ही काम कसं करता ते आम्हाला समजत नाही; तर सोमवारी तुमचा कॉम्प्युटर घेऊन या आणि करून दाखवा. एकदाच. दुसरी तारीख मिळणार नाही, दोन जण अजून रांगेत आहेत.

इथे त्या सात नंबरच्या पोटात काय होतं ते सांगायला हवं. नीता नाशिकला अंधशाळेत शिकली. तिथल्या अहिरे सरांना एक छंद होता. पडद्यावरची मराठी वाचून दाखवणारा एक प्रोग्राम त्यांनी घरी बसून केला, स्वतःच्या गळ्यातून एकेक अक्षर, एकेक जोडाक्षर म्हणून, ध्वनिमुद्रित करून. नीता शिकून गावी निघाली तेव्हा सर स्वतः जामसरला आले, दोन दिवस राहिले, तो आवाज तिच्या कॉम्प्युटरमध्ये बसवून दिला. कॉम्प्युटर चालू झाला की तो म्हणायचा, "बोल, नीता." पुढे सर वारले. प्रोग्राम बसवायची मूळ सीडी त्यांच्या घरच्यांना सापडली नाही. कुणी शोधलीही नसेल.

नऊ वर्षं नीता ओट्यावर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहीत होती. दाखल्याचे, नावातल्या दुरुस्तीचे, रस्ता वाहून गेल्याचे. आवाज वाचायचा, ती ऐकून दुरुस्त करायची. सुरुवातीला सरांचा आवाज गावांची नावं, पाड्यांची नावं, इथल्या माणसांची आडनावं नाशिककरासारखी उच्चारायचा. नीताने त्याला एकेक शब्द शिकवला. कुठे थांबायचं, कुठे ओढायचं. अकराशेच्या वर शब्द झाले होते. ते सगळे त्या प्रोग्रामच्या पोटात.

"फुकटात मिळतात की आता असे आवाज," जिवा म्हणाला. "माझ्या लॅपटॉपवर लावून देतो. बघ तरी."

त्याने लावला. स्वच्छ, गोड, शहरातल्या बाईचा आवाज. नीताने एक अर्ज टाइप केला आणि वाचायला लावला. त्या बाईने अर्जातल्या वांगणी गावाचं नाव असं काही उच्चारलं की माघी हसायला लागली.

"कोण पाव्हणी ही?"

"पाव्हणीच," नीता म्हणाली. "वाईट नाही. पण हिला गाव दाखवायला मला सहा महिने लागतील. सोमवारी ही मला अडखळवणार."

"सरांचा आवाज म्हणून हवाय का तुला?" गौराने विचारलं. गौरा असे प्रश्न विचारते.

"आवाज कुणाचा का असेना, वहिनी. त्याला जामसर म्हणता आलं पाहिजे."

नीताच्या घरी दुसरा एक कॉम्प्युटर होता. महिन्यापूर्वी ठाण्याच्या एका मंडळाने दिलेला, कुठल्याशा कचेरीतून उतरलेला पण सात नंबरपेक्षा खूप तरणा. त्यात आवाज नाही म्हणून तो खोक्यातच पडून होता. "तो पाठवून दे," जिवा म्हणाला. "सातची डिस्क काढायची, त्यात लावायची, बटन दाबायचं. डिस्क हा जीव. डबा काय, बदलतो."

हे तो इतक्या सहज म्हणाला की माघीने बोचक्याचं लुगडं घडी करून काखेत मारलं आणि दोघी भजी खाऊन जीपने परत गेल्या.

बुधवारी जीपवाल्याने नवा कॉम्प्युटर आणून टाकला. जिवाने आधी सातच्या डिस्कची दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी नक्कल केली. ही त्याची सवय आहे. पूर्वी एकदा एका लग्नाची फिल्म त्याच्या हातून पुसली गेली होती. त्या घरचे लोक अजून त्याला वरातीची आठवण करून देतात. तेव्हापासून अस्सल डिस्क बिस्किटाच्या डब्यात आणि काम नकलेवर.

नक्कल नव्या डब्यात लावली. बटन दाबलं. विंडोजचं चिन्ह उगवलं, चार रंग एकमेकांभोवती फिरून जवळ आले, आणि पुढच्या क्षणी सगळा पडदा निळा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर, दोन सेकंद. मग काळोख. मग पुन्हा चिन्ह, पुन्हा निळा. नाटकाचा पडदा वर जावा, नट पहिलं वाक्य विसरावा, पडदा पडावा, आणि हाच प्रकार रात्रभर चालावा, तसं.

जिवाला कारण कळत होतं. कॉम्प्युटरमध्ये विंडोज पहिल्यांदा बसवतात तेव्हा ते त्या शरीराशी ओळख करून घेतं. हा बोर्ड, हा पडदा, हा कर्णा, डिस्कपर्यंत जायचा हा रस्ता. प्रत्येकासाठी ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्राम नेमलेला असतो. आता ते जागं झालं परक्या घरात. उठल्याउठल्या पहिल्यांदा लागते डिस्क; तर ते जुन्या घरात दार होतं तिकडे गेलं आणि भिंतीवर आपटलं. एवढंच. पण कारण कळणं वेगळं. बोर्डाच्या सेटिंगमध्ये जुन्या पद्धतीचा रस्ता निवडायची सोय काही मशिनांत असते. या मशिनात नव्हती. आवाजाचा प्रोग्राम तेवढा उचलून दुसरीकडे ठेवून पाहिला. तो उघडला आणि तोंड मिटून बसला. सरांनी त्याची मुळं विंडोजभर पसरली होती.

संध्याकाळी गौराने चहा आणून ठेवला. पडद्याकडे बघून म्हणाली, "अजून निळाच?"

"हं."

"डिस्क हा जीव, म्हणत होतास."

"म्हणत होतो."

"मग जिवाला काय झालं, जिवा?"

त्याने पुन्हा बटन दाबलं. पुन्हा निळा.

"उद्या खोडाळ्याला जायचंय. सोंग उतरवायचं हाय. विसरू नको."

"माझ्यामागं हे काम हाय, गौरा. मी नाय येत."

"भाऊ तुझा होता का माझा?"

तर गुरुवारी तो गेला. मनाविरुद्ध, मोटरसायकलवर, मागे गौरा, आणि घाट चढताना पूर्ण वेळ डोक्यात निळा पडदा.

रोहिदास गेल्या पावसाळ्यात गेला. त्यांच्या घराकडे बोहाड्यातलं भस्मासुराचं सोंग होतं. लाकडी मुखवटा, जड, चार पिढ्यांचा. वीस वर्षं तो रोहिदासने नाचवला. यंदापासून त्याचा मुलगा सुदर्शन नाचवणार होता. सुदर्शन ठाण्यात गोदामात कामाला, चार दिवसांची रजा काढून आलेला, केस कानांवरून बारीक कापलेले. जिवा पोचला तेव्हा पोराने मुखवटा आधीच खुंटीवरून काढून डोक्याला लावून पाहिला होता आणि तो एका कुशीवर कलला होता. डोळ्यांची भोकं गालावर आलेली.

"काका, हे बसत नाय," आतून आवाज आला.

ओट्यावर बसलेला पुंजा मोठ्याने हसला. पुंजा हा रोहिदासचा आणि जिवाचा चुलतभाऊ, साठीचा, घरातलं वडील माणूस तोच उरलेला. "बसंल कसं? त्यात तुझा बाप हाय अजून. आधी त्याला उतरव."

मुखवटा आतून पोकळ. नाचणाऱ्याच्या डोक्याला घट्ट बसावा म्हणून प्रत्येक जण आत आपल्या मापाने चिंध्या भरतो. कपाळापाशी एक घडी, कानशिलांपाशी दोन, मागे दोरीखाली गाठोडी. वीस वर्षांत रोहिदासने त्या एकावर एक भरल्या, घामाने दाबल्या. त्या घरची रीत अशी की जुन्या नाचणाऱ्याने मुखवटा एकदा घालायचा आणि मग स्वतः एकेक चिंधी काढून तो मोकळा करून पुढच्याच्या हातात द्यायचा. नाचणारा हयात नसेल तर त्याच्या मापाच्या भावाने हे करायचं. रोहिदासच्या मापाचा पुंजा होता.

"आमची डोकी एका साच्यातली," पुंजा म्हणाला. "अक्कल तेवढी त्यानं जास्त उचलली."

पुंजाच्या डोक्यावर मुखवटा ठेवला. तो असा बसला की गौराने डोळ्याला पदर लावला. क्षणभर अंगणात रोहिदासच उभा होता. पुंजाने मान डावीकडे हलवली, उजवीकडे हलवली, मग बोट आत घालून म्हणाला, "ही कानामागची. पहिली ही." ती ओढली. मग कपाळाची. मग मागची. प्रत्येक चिंधी काढताना हात अचूक तिथेच जात होता.

"पुंजादादा," जिवाने विचारलं, "एवढा खटाटोप कशाला? खुंटीवर असतानाच सगळं उपसून टाकलं तर?"

"टाक की. लाकूड फुटंल," पुंजा मुखवट्याच्या आतून म्हणाला. "कुठली चिंधी कुठं तटली हाय ते डोकं आत गेल्याबिगर कळत नाय. बसतं तिथंच सुटतं, जिवा. एकदा नागडं केलं का मग कुणाच्या पण डोक्यावर ठेव. ज्यानं त्यानं आपल्या चिंध्या भरायच्या."

मुखवटा सुदर्शनच्या हातात आला. जिवा तो बघत नव्हता. तो पुंजाच्या डोक्याकडे बघत होता.

"भाऊ," तो म्हणाला.

"काय?" पुंजाने विचारलं.

"तुला नाय. चार नंबरला."

गौराने परतताना मोटरसायकलवर सगळं काढून घेतलं. दहा डब्यांपैकी आठ भंगारात गेले हे जिवाला ठाऊक होतं, कारण भंगारवाल्याने त्याच्याच दुकानासमोर ते तोलले होते. सात जळला. राहिला चार. दोन वर्षांपूर्वी त्याचा पंखा बदलायला तो वांगणीच्या शाळेत गेला होता. चार म्हणजे सातचा सख्खा भाऊ, त्याच साच्यातला. सातच्या डिस्कला तिथे एकदा जागं करायचं, तिच्या हातूनच जुने ड्रायव्हर उतरवून घ्यायचे आणि मोकळी करून नव्या डब्यात ठेवायची.

"तो चार नंबरच नीताला मागून का नाय देत?" गौरा म्हणाली.

"बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेत त्याचे. दोन वर्षांपूर्वीच फुगलेले होते. वांगणीच्या रस्त्यावरून आणला तर जव्हारपर्यंत पोचायचा नाय. अन् शाळेचा हाय."

"पण चालतोय का अजून?"

"फोन करून विचारायला वांगणीत फोन लागला पाहिजे," जिवा म्हणाला.

शुक्रवारी सकाळी नकलेची डिस्क रुमालात बांधून, रुमाल शर्टाच्या आत पोटाशी धरून तो निघाला. वावरपर्यंत मोटरसायकलने गेला. पुढे रस्त्याची खडी सुटून ओहळात गेली होती तिथे ती एका झाडाला टेकवून ठेवली आणि उरलेलं अंतर चालला. अर्ध्याअधिक घरांना कड्या होत्या. माणसं वीटभट्ट्यांवरून अजून परतली नव्हती. शाळेत हेमराज सर परीक्षेचे पेपर तपासत बसले होते.

"जिवाभाऊ! पंखा पुन्हा गेला म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

"गेला का?"

"नाही अजून. पण तुम्ही आलात म्हणजे जाणार असेल."

चार नंबर कोपऱ्यात होता, वर भरतकामाचा रुमाल पांघरलेला. जिवाने काम सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि घड्याळाकडे पाहिलं. "लाइट अकरापर्यंत नक्की. पुढे वायरमन आणि परमेश्वर."

पावणेदहा झाले होते. जिवाने पत्रा काढला. आत लाल चार. शाळेची डिस्क काढून बाजूला ठेवली, रुमालातली लावली. बटन दाबलं. चिन्ह उगवलं, रंग फिरले. सर त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते. चिन्ह गेलं, पडदा काळा झाला, आणि सात नंबरचा पडदा समोर उघडला, नीताच्या अर्जांच्या फाइलींसकट. त्याच क्षणी शाळेच्या जुन्या कर्ण्यातून एक पोक्त, थोडा घोगरा आवाज आला :

"बोल, नीता."

हेमराज सर दचकून मागे झाले. "हे कोण?"

"मास्तर आहेत. तुमच्यासारखेच," जिवा म्हणाला.

मग त्याने पुंजाचं काम केलं. यंत्रातल्या भागांची यादी उघडली आणि एकेक ओळखत काढू लागला. हा पडद्याचा, काढ. हा नेटच्या वायरचा, काढ. हा बोर्डाचा. सर्वांत शेवटी कर्ण्याचा काढला. तेव्हा आवाज वाक्याच्या मध्येच तुटला. डिस्कच्या रस्त्यावर जुन्या बोर्डाचा खास ड्रायव्हर होता, तिथे साधा, कुठल्याही मशिनावर चालणारा नेमला. दर वेळी कॉम्प्युटर विचारायचा, पुन्हा चालू होऊ का? जिवा नाही म्हणायचा. आता पुन्हा चालू झाला असता तर त्याने इथलीच ओळख नव्याने काढली असती, इथल्याच चिंध्या भरल्या असत्या. जागा व्हायचा तो नव्या घरात.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी त्याने मशीन बंद केलं. शाळेची डिस्क परत लावून चार नंबर चालू होतो हे सरांना दाखवलं. अकराला दिवे गेले नाहीत. सर म्हणाले, "बघा, तुम्ही घाई केलीत."

शनिवारी सकाळी नीता एकटी आली. माघी बाजारात गेली होती. जिवाने डिस्क नव्या डब्यात आधीच लावून ठेवली होती, पण बटन दाबलं नव्हतं. नीता आल्यावरच दाबायचं, असं गौराने बजावलं होतं, "तुझं तोंड बघून तिला काय कळणार, तिला तिथं असू दे."

नीताला कीबोर्डापुढे बसवलं. बटन. चिन्ह. रंग फिरून जवळ आले. निळं काही झालं नाही. पडद्यावर ओळी येऊ लागल्या, नवे भाग सापडत आहेत, थांबा. एक सापडला, दुसरा सापडला. विंडोजने परवान्याचा आकडा मागितला; तो नव्या डब्याच्या बाजूला चिकटवलेला होता, जिवाने घातला. आणि मग पडदा उघडला. फाइली जागच्या जागी. जिवाने टेबलावर हात आपटला.

"झालं!"

"काय झालं?" नीताने विचारलं.

"झालं म्हणजे... चालू झाला. सगळं हाय. तुझे अर्ज, सगळे."

नीता कान देऊन बसली होती. दुकानात पंख्याची घरघर, बाहेर भज्यांचं तेल.

"जिवादादा," ती शांतपणे म्हणाली, "माझ्याकडे काहीच झालेलं नाही."

जिवाने वर पाहिलं. गौरा दारात उभी होती. ती काही बोलली नाही, हे तिच्या मानाने पुष्कळ होतं. पडदा उजळलेला, चित्र सुरेख, आणि ज्या एका माणसासाठी हा खेळ लावला त्याच्या दृष्टीने रंगमंचावर अंधार. कोपऱ्यात कर्ण्याच्या चित्रावर लाल फुली होती. चिंध्या उतरल्या होत्या. नव्या मापाची एक भरायची राहिली होती.

त्या डब्याच्या आवाजाचा ड्रायव्हर त्याच्याजवळ नव्हता. नेटवरून उतरवायला हवा होता आणि दुकानाच्या मागच्या भागात रेंज नसते. मग गौरा मोबाइल हातात उंच धरून पायरीवर उभी राहिली. येणाजाणाऱ्यांनी विचारलं, वहिनी, फोटो काढताय का? ती म्हणाली, "हो, तुमच्या टकलाचा." पंचेचाळीस मिनिटं लागली. दोनदा मध्येच तुटलं. तेवढा वेळ नीता कीबोर्डावर बोटं ठेवून बसून होती. तिने कुठलीही कळ दाबली नाही. एकदा फक्त म्हणाली, "नाही झालं तर त्या पाहुणीलाच नेईन सोमवारी."

"तिला वांगणी म्हणता येत नाय."

"मी म्हणेन. बाकीचं ती वाचेल."

गौरा पुढे झेरॉक्सच्या गिऱ्हाइकांकडे परतली आणि मागे ड्रायव्हर बसला. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.

"बोल, नीता."

तिची बोटं हलली. तिने टाइप केलं, आणि आवाज वाचत गेला : जामसर. खोडाळा. वांगणी. मग बारक्या पाड्यांची नावं, मग आडनावं, एकामागून एक, हजेरी घेतल्यासारखी. एका नावापाशी ती थांबली, तेच तीनदा म्हणवून घेतलं आणि मान हलवली.

"कुठं चुकलं का?" जिवाने विचारलं.

"नाही. जुन्या हळू डब्यात सर इथं मध्येच अडायचे. आता धाप लागत नाही." मग म्हणाली, "सवय होईल."

पत्रा बसवायच्या आधी जिवाने लाल रंगाची डबी उघडली आणि आतल्या बाजूला आकडा काढला. अस्सल डिस्क बिस्किटाच्या डब्यात राहू दिली. "ही इथंच असू दे," तो नीताला म्हणाला. "पालीचा काय नेम."

सोमवारी दुपारी दुकानात एका शिक्षकाचे झेरॉक्स चालले होते. जिवा मागे एका मिक्सरचं पोट उघडून बसला होता. फोन वाजला, गौराने उचलला, कानाला लावला आणि भुवया चढवून तो जिवापुढे धरला.

"तुझ्यासाठी हाय. कुणी बाप्या बोलतोय. ओळख ना पाळख, एकदम जिवादादा म्हणतोय."

जिवाने हात पुसून फोन घेतला. पलीकडे तो पोक्त, घोगरा आवाज, एकेक शब्द नीट तोडत, एकदा म्हणून झालेलं पुन्हा पहिल्यापासून म्हणत होता : "जिवादादा. एक तारखेपासून कामावर यायला सांगितलं. साहेबांनी स्वतःच्या गावाचं नाव घातलं होतं. चुकलं. त्यांच्यासमोर शिकवलं." मग मागे कुठेतरी नीताचं हसणं, आणि फोन बंद.

"कोण होता?" गौराने विचारलं.

"सात नंबर," जिवा म्हणाला आणि मिक्सरकडे वळला.